चाकांनी मांडलेलं गणित

नोव्हेंबर २०१४मध्ये जिनिव्हात सदबीजच्या लिलावात एक खिशातलं घड्याळ सुमारे २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकना गेलं. न्यूयॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्ह्ज यांनी १९२५मध्ये पाटेक फिलिपला त्याची ऑर्डर दिली होती. ते हाती पडायला १९३३ उजाडलं. त्यात २४ कॉम्प्लिकेशन आहेत, म्हणजे नुसती वेळ दाखवण्यापलीकडची कामं. अचूकतेसाठी एवढे पैसे कुणी मोजत नाही. प्रमाणित स्विस क्रोनोमीटरला दिवसाला ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे जायची मुभा असते. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात १५ सेकंदांच्या आसपास चुकतं. मग संग्राहक घेतो ते काय? माझ्या मते, धातूत बसवलेलं गणित. म्हणूनच कॉम्प्लिकेशनची संख्या मोजून घड्याळाची थोरवी ठरवणं मला पटत नाही.

पर्पेच्युअल कॅलेंडर पाहा. त्यात चार वर्षांत एक फेरा करणारी चकती असते आणि तिच्या कडेवर ४८ महिने कोरलेले असतात. तरफेची चोच ३१ दिवसांच्या महिन्यात कडेवर टेकते, ३० दिवसांच्या महिन्यात उथळ खाचेत उतरते, फेब्रुवारीत सगळ्यांत खोल जाते. लीप वर्षाची खाच तेवढी किंचित उथळ. महिनाअखेरीस तारखेचं चाक किती घरं सरकणार, ते या खोलीवर ठरतं. पण २१०० हे लीप वर्ष नाही, हे त्या चकतीला ठाऊकच नसतं. चंद्र त्याहून हट्टी. दोन चंद्र रंगवलेल्या तबकडीला ५९ दाते दिले की चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा होतो. खरा भरतो २९.५३ दिवसांचा. अडीच-पावणेतीन वर्षांत घड्याळातला चंद्र एक दिवस चुकतो. (अपूर्णांकांची ही कटकट आपल्या पंचांगकर्त्यांना नवी नाही.) १३५ दात्यांचं चाक आणि जोडीला नेमक्या प्रमाणातली मधली चाकं घातली, की तेवढीच चूक व्हायला १२२ वर्षं लागतात.

बाजार गणिताला कुठे विचारतो, तो दुर्मीळतेवर भाळतो, असा आक्षेप येईल. तो बराचसा खरा आहे. २०१९मध्ये पाटेकचं पोलादी ग्रँडमास्टर चाइम ३ कोटी १० लाख फ्रँकना विकलं गेलं. तेच यंत्र सोन्याच्या केसमध्ये कितीतरी स्वस्त होतं. लिलाव धर्मादाय होता, हे धरूनही फरक डोळ्यांत भरतो. टूरबियाँचंही, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे होणारी चूक भरून काढणाऱ्या फिरत्या पिंजऱ्याचंही, तसंच. घड्याळजी ब्रेगे यांनी १८०१मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. सतत हलणाऱ्या मनगटावर त्याची शोभाच अधिक. पण किंमत भलत्याच गोष्टीला मिळते, म्हणून गणित खोटं ठरत नाही. उलट पारख नीट करण्याची गरज वाढते. पाटेकच्या १९८९च्या कॅलिबर ८९मध्ये ३३ कॉम्प्लिकेशन आहेत, त्यांत ईस्टरची तारीखही. मात्र ती तारीख यंत्र काढत नाही. एका चाकावर वर्षवार खाचा पाडून ठेवल्या आहेत आणि त्या २०१७पर्यंतच पुरल्या. याउलट आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीने २०२४मध्ये कॅलेंडरमध्ये ४०० वर्षांत एकदाच फिरणारं चाक बसवलं. त्यावरच्या तीन खाचा २१००, २२०० आणि २३०० ही वर्षं लीप वर्षांतून बरोबर गाळतात. कॉम्प्लिकेशन मोजणाऱ्यांच्या लेखी मात्र ते अजून एक कॅलेंडरच.