मोबाईल घेताना : मेमरी, बॅटरी आणि किंमत

मोबाईलच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाईकाच्या मागण्या तीन असतात. फोटो-व्हिडिओंना भरपूर जागा, दिवसभर टिकणारी बॅटरी आणि कमी किंमत. दुकानदार जो फोन दाखवतो त्यात बहुधा दोन गोष्टी असतात, तिसरी नसते. असे का होते हे ध्यानात घेतले तर आपले पैसे कोठे घालावेत हे ठरविणे सोपे जाते.

लिथियम बॅटरीत वीज किती मावणार हे बव्हंशी तिच्या आकारावर ठरते. बॅटरी वाढवावी तर फोन जाड व जड होतो. मेमरीचे तसे नाही. चिपच्या आत थरावर थर रचलेले असतात, त्यामुळे ६४ जी.बी.च्या जागी १२८ जी.बी. बसविली तरी फोन केसभरही फुगत नाही. थोडक्यात, बॅटरी जागा मागते आणि मेमरी पैसा मागते.

हा पैसा केवळ चिपच्या खर्चाचा नसतो. २०१४ साली ॲपलने आयफोन ६ आणला तेव्हा अमेरिकेत मोबाईल कंपनीच्या कराराविना १६ जी.बी.चा फोन ६४९ डॉलरला, ६४ चा ७४९ ला आणि १२८ चा ८४९ ला होता. पहिल्या १०० डॉलरला ४८ जी.बी. वाढत होती, पुढच्या १०० डॉलरला ६४! मधली ३२ जी.बी. त्या वेळी ठेवलीच नव्हती. १६ अपुरी पडणार हे दिसत असल्याने गिऱ्हाईक आपणहून वरची पायरी चढे. दाराशी स्वस्त माल टांगून आत महाग विकण्याची ही जुनीच रीत आहे.

सॅमसंगचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१४ च्या गॅलक्सी एस-५ चे मागचे झाकण निघत असे, २८०० एम.ए.एच.ची बॅटरी हाताने बदलता येई आणि मेमरी कार्डही घालता येई. जाडी ८.१ मि.मी. पुढच्या वर्षीचा एस-६ अवघा ६.८ मि.मी.चा झाला. बॅटरी २५५० वर आली, झाकण गेले, कार्डाची खाचही गेली. आता जास्त जागा हवी असेल तर महाग फोनच घ्यायचा. भारतात ३२ जी.बी.चा एस-६ ४९,९०० रुपयांना होता आणि ६४ चा ५५,९०० ला. लोकांची नाराजी झाली. २०१६ च्या एस-७ मध्ये कार्ड परत आले, बॅटरी ३००० झाली आणि जाडीही ७.९ मि.मी.वर गेली. झाकण मात्र परतले नाही.

त्याच वर्षी शाओमीचा रेडमी नोट ३ भारतात ९,९९९ रुपयांपासून मिळू लागला. बॅटरी ४०५० एम.ए.एच., पण त्या किमतीत मेमरी १६ जी.बी.च. शिवाय खाच अशी की दुसरे सिम किंवा कार्ड, दोहोंपैकी एकच बसावे. धंद्याचा एक आणि घरचा एक असे दोन नंबर ठेवणाऱ्याला ही अडचण फोन घरी नेल्यावर कळे. खाच कशी आहे हे आजही दुकानातच उघडून पाहावे.

बॅटरी झिजते. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांत ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी, असा ॲपलचाच हिशेब आहे. पण ती कारागिराकडून बदलून घेता येते. मेमरी बोर्डावर डाख देऊन बसविलेली असते, ती नंतर वाढत नाही. कार्डात फोटो मावतात, ॲप्स बहुतेक आतल्याच मेमरीत राहतात. म्हणून कार्डाची सोय नसेल तर मेमरीसाठी दोन पैसे जास्त मोजणे परवडते. सोय असेल आणि ॲप्स मोजकीच असतील तर कमी मेमरीचा, पण मोठ्या बॅटरीचा फोन चालून जातो.

खोक्यावरचा आकडाही सगळा आपला नसतो. २०१३ च्या १६ जी.बी.च्या गॅलक्सी एस-४ मध्ये वापरायला सुमारे ९ जी.बी.च उरत असे. जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून मोकळी जागा किती ते पाहून घ्यावे.