वाफसा आणि कृपा

श्रोतेहो, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आदिलाबादच्या दक्षिणेस, इचोडा हे गाव आहे. हा मुलूख २०१४ पासून तेलंगण राज्यात मोडत असला, तरी तेथील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. काळी जमीन आणि कापसाचे पीक, हा तेथील शेतकऱ्याचा संसार. ईश्वरी कृपेविषयी आज जे सांगावयाचे आहे, ते या शेतकऱ्याकडूनच शिकण्यासारखे आहे.

मृगाचा पाऊस पडला म्हणून कोणी त्याच घटकेस सरकी लावीत नाही. ओली काळी माती पायाला आणि औताला चिकटते. उघाड पडली की पाणी मुरते, आणि मग असा एक समय येतो की मूठभर माती दाबली तर गोळा होतो व बोटाने ढकलताच तो मोकळा होतो. याला वाफसा म्हणतात. तो दोनचार दिवसांचा पाहुणा असतो. तो साधला तर बी उगवते. दवडला तर वरची माती सुकते आणि हाती पुढल्या पावसाची वाट पाहणे उरते.

पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. वाफसा ओळखणे मात्र आहे. कृपेचेही असेच आहे. ती आपण मिळवीत नाही, ती येते. आपल्याकडे असते ते तिला उत्तर देणे, आणि ते उत्तर ज्या क्षणी ती येते त्याच क्षणी द्यावे लागते.

पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा आपणांस ठाऊक आहे. रामेश्वरास वाहावयाचे गंगाजल कावडीत होते आणि वाटेत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी ते पाणी त्याच्या मुखात घातले. रामेश्वर पुढे कोठेतरी आहे, असे ते म्हणाले नाहीत. तो समोर आला आहे, हे त्यांनी ओळखले. याचा अर्थ कावड व्यर्थ होती, असा मात्र कोणी करू नये. याच आदिलाबाद जिल्ह्यात मेस्राम कुळाचे गोंड बांधव केसलापूरच्या नागोबासाठी पौष महिन्यात अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. ते व्रतही थोरच आहे. नाथांनी कावड इतक्या दूर वाहून आणली होती, म्हणूनच त्या क्षणी देण्यास त्यांच्यापाशी पाणी होते. नित्याची साधना आपल्याला क्षणासाठी सिद्ध करते.

आपल्या वाट्याला असे प्रसंग येत नाहीत, असे वाटेल. बांधाच्या वादावरून दोन भावांत वर्षानुवर्षे अबोला असतो. बाजाराच्या वाटेवर दोघे अचानक समोरासमोर येतात. धाकट्याचे मन क्षणभर ओले होते, "दादा, बरा आहेस ना?" हे शब्द ओठांवर येतात. तो ओलावा त्याने निर्माण केलेला नसतो; तो त्याला दिलेला असतो. परंतु "दिवाळीला पाहू" असे म्हणून तो पुढे जातो. दिवाळी येते, दादा तोवर राहतोच असे नाही.

चुकलेल्या वाफशासाठी शेतकरी रडत बसत नाही. तो बी जपून ठेवतो, आभाळाकडे पाहतो आणि पुन्हा पाऊस होताच बांधावर जाऊन माती हातात घेतो. कालची चूक उगाळणे आणि उद्यावर ढकलणे, या दोहोंतही आजची माती हातात घ्यावयाची राहून जाते. आज सायंकाळपर्यंत आपले मन कोठे ओले झाले तर, श्रोतेहो, तेवढे बी तेथेच पेरावे.