पाळी, अंगावरचे केस आणि मुलींच्या चिठ्ठ्या



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास फक्त मुलींसाठी ठेवला होता. तोंडाने विचारायला लाज वाटते, म्हणून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. नाव लिहू नका म्हटलं. पहिल्या रविवारी तीनच चिठ्ठ्या निघाल्या, तिसऱ्या रविवारी डबा भरला. "काखेत केस आलेत, काढले नाहीत तर वास येतो का?" "मला मिशी येतीय, शाळेत पोरं चिडवतात." आणि एक अशी: "दोन महिने झाले पाळी आली नाही. आईला सांगितलं तर मारील."

ही शेवटची चिठ्ठी वाचून आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो.

असल्या गोष्टी विहारात कशाला, असं काही वडीलधाऱ्यांनी विचारलं. त्यांना आम्ही १९३४ सालच्या खटल्याची आठवण दिली. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या शरीराविषयीच्या, लैंगिक शंकांना उत्तरं देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक शंका विचारतात आणि त्यांना कोणी शास्त्राला धरून उत्तर देतो, यात अश्लील काय, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते, ते आपल्याला माहीत आहे.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती घड्याळासारखी येत नाही. या वयात २१ दिवसांनीही येते, ४५ दिवसांनीही येते. अधूनमधून एखादा महिना चुकतो. शरीर अजून शिकत असतं. परीक्षेची काळजी, आजारपण, उपासमार, एकदम वजन वाढणं किंवा घटणं यांनीही ती मागेपुढे होते. म्हणून मातांनो, पाळी चुकली की पहिला संशय पोरीच्या चालीवर घेऊ नका. तशी शंका खरंच असेल तर आशाताईंकडे तपासणीची पट्टी मिळते. पट्टीने खरं कळतं. मार खाल्लेली पोरगी मात्र पुढचं सगळंच लपवते.

मग डॉक्टरकडे कधी न्यायचं? पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पाळी आलेलीच नाही. किंवा एकदा सुरू झाल्यावर सलग तीन महिने आली नाही. किंवा सात दिवसांच्या वर अंगावर जातं, तास-दोन तासाला पॅड नाहीतर कपडा भिजतो, चक्कर येते. असं काही असेल तर थांबू नका. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त किशोरवयीन मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. जास्त जाण्याने ते आणखी कमी होतं. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीतून फेकायची नाही. ती जेवणानंतर घ्यावी. शौच काळी होते, त्याला घाबरू नये.

केसांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. काखेत आणि जांघेत केस येणं हे वयात आल्याचं लक्षण, त्यात घाण काही नाही. वास घामाचा येतो, तो रोज पाण्याने धुतल्यावर जातो. केस काढलेच पाहिजेत असं नाही आणि काढले म्हणून कोणी बिघडलीही नाही. काढायचेच तर लहान कात्रीने बारीक करणं सगळ्यात बरं. ब्लेड वापरायचं तर स्वतःचं, नवं. बापाचं किंवा बहिणीचं नको, रक्तातून कावीळ आणि एचआयव्ही पसरतो. केस काढण्याची पावडर किंवा क्रीम जांघेच्या नाजूक जागी लावू नये, कातडी भाजते. वस्तरा फिरवला की केस जाड येतात, हा मात्र गैरसमज. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं एवढंच.

ओठावरची लव पुष्कळ मुलींना असते, आई-आत्याला असेल तर लेकीलाही येते. पाळी ठीक असेल तर दोरा फिरवून घ्या नाहीतर तशीच ठेवा. पण इथे एका गोष्टीचा आम्हाला राग येतो. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब पोरी महिनोन्‌महिने तोंडाला लावतात. तिच्यात बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, पुरळ येतं आणि गालावर केस वाढतात! म्हणजे मिशीच्या चिंतेत असलेली पोरगी मिशीच विकत आणते. ट्यूबवरचं नाव वाचा, वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोरांकडून वाचून घ्या.

हनुवटीवर, छातीवर जाड काळे केस येताहेत, तोंडावर फोड हटत नाहीत आणि पाळीही तीन-तीन महिने येत नाही, हे सगळं एकत्र असेल तर पीसीओडीची तपासणी करावी लागते, सोबत थायरॉईडचीही. मात्र नुसत्या सोनोग्राफीत 'गाठी' दिसल्या म्हणून घाबरू नये. या वयात बीजकोशावर तसे पाण्याचे फुगे पुष्कळ मुलींना दिसतात. चालणं, पळणं, ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, बाटलीतलं गोड पाणी बंद, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. गोळ्या लागल्या तर डॉक्टर देतील.

"लग्न झालं की होईल सुरळीत" हे औषध तर नाहीच. अठराच्या आत ते गुन्हाही आहे. आणि पिशवी काढणं हाही उपाय नाही. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली होती. आपल्या कळंब, वाशी, भूमकडूनही कोयते कारखान्यावर जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

जायचं कुठे? आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तुळजापूर, कळंब, उमरग्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा धाराशिवचं स्त्री रुग्णालय. किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री क्लिनिक'ची चौकशी आशाताईंकडे करा. सोबत आई नाहीतर मावशी असावी. जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखांना केलेल्या खुणा वहीत उतरवून न्या, डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

डब्यातली एक चिठ्ठी मुलीची नव्हती. अक्षर मोठ्या बाईचं होतं: "माझं वय पंचेचाळीस, पाळी दोन-दोन महिने येत नाही, मी विचारू का?" विचारा ताई. उत्तर पुढच्या अंकात.