घटश्राद्ध : नाणीची श्रद्धा शाबूत राहिली का?

कन्नड नवचित्रपट : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण ‘संस्कार’ची कुळकथा पाहिली. सेन्सॉरने आधी बंदी घातल्यामुळे त्या चित्रपटाबद्दलच्या वादाचे दोन तट आपोआप पडले होते. ‘घटश्राद्ध’च्या (१९७७) वाट्याला थेट सुवर्णकमळ आले, तरी त्याच्या अर्थाबद्दल बेंगळुरूच्या फिल्म सोसायट्यांमधला जुना प्रेक्षकही आजवर एकमताचा नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या गिरीश कासरवळ्ळींचा हा पहिला चित्रपट. मूळ कथा यू. आर. अनंतमूर्तींची. मलनाडातल्या वेदपाठशाळेत नाणी नावाचा पोरगा येतो. वयात येऊ लागलेली थोरली मुले त्याला छळतात. माया लावते ती गुरुजींची तरुण विधवा मुलगी, यमुनाक्का. तिला शाळामास्तरापासून दिवस गेले आहेत. सापाने डसावे म्हणून ती वारुळात हात घालते, तेव्हा नाणीही त्या रानात तिच्यासोबत असतो. ती काय करायला निघाली आहे, हे त्याला कितपत उमगते? कॅमेरा ते सांगत नाही. अखेर बापच जिवंत लेकीला मेलेली मानून तिचे घटश्राद्ध घालतो आणि तिला वाळीत टाकतो.

सुधारणावादी समीक्षेला यात कर्मठपणावरचा सरळ घाव दिसला. म्हातारे गुरुजी सोळा वर्षांच्या मुलीशी लग्न करणार, हे शेवटी कानावर येते, तेव्हा या वाचनाला बळही मिळते. दुसऱ्या बाजूचा आक्षेप जास्त बोचरा आहे : कन्नड नवचित्रपट अग्रहाराच्या, म्हणजे ब्राह्मण वस्तीच्या, अंगणातच घुटमळत राहिला, अग्रहाराबाहेरची माणसे त्यात आली ती ब्राह्मण घरातल्या संकटापुरती. हा आक्षेप मला ‘घटश्राद्ध’पुरता तरी खोडून काढता येत नाही. यमुना मुलाच्या नजरेतून दिसते, म्हणून तिचे स्वतःचे मन अंधारातच राहते, हेही खरे.

पण घाव कोणावर, हे चित्रपटाने ठरवून टाकलेले नाही. वडील नाणीला घरी न्यायला येतात. जाताना त्याला केशवपन केलेली यमुनाक्का झाडाखाली बसलेली दिसते. त्याने मंत्र टाकले की फक्त गुरू टाकला? अनंतमूर्ती स्वतःला परंपरेचे आतले टीकाकार म्हणवत. नाणीकडे पाहताना मला तेच आठवते : त्याचा राग घरातल्या माणसाचा आहे, आणि अशा रागात श्रद्धा पुरती मरत नाही. हे माझे वाचन. तुमचे वेगळे असू शकते.

याच कथेवरचा अरुण कौल यांचा हिंदी ‘दीक्षा’ (१९९१) मराठी प्रेक्षकाला नाना पाटेकरांमुळे आठवत असेल. तो पाहिला असला, तरी मूळ कृष्णधवल चित्रपट पाहायलाच हवा. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकाराने जतन झालेली त्याची नवी प्रत २०२४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखवली गेली. जवळपास खेळ लागला तर चुकवू नका, आणि नाणीबद्दल तुम्हाला काय वाटले ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात ‘तबरन कथे’.