राखून न ठेवलेला डाव : मार्सेलो गार्सियाची कारकीर्द

तालमीतली एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक मात्र स्वतःजवळ राखून ठेवतो. पुढे पठ्ठ्या उलटतो, वस्तादालाच आव्हान देतो आणि नेमका त्या राखीव डावावर चीत होतो. शिकवावं, पण सगळं शिकवू नये, असा तिचा अर्थ आपण घेतो. आज ज्या खेळाडूविषयी आपण बोलणार आहोत, त्याने याच्या अगदी उलट केलं. तो म्हणजे ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा मार्सेलो गार्सिया.

आधी खेळ समजून घेऊ. कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली. जिऊ-जित्सूत पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते. ठोसे-लाथा नाहीत. सांधा पिळून किंवा गळा आवळून समोरच्याला हार मानायला लावायची. त्याने हाताने थाप मारली की सोडायचं.

मार्सेलोचा जन्म 1983 चा, ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या फोर्मिगा या गावातला. लहानपणी ज्युदो, मग जिऊ-जित्सू आणि पुढे साओ पावलोला फाबिओ गुर्जेल यांच्याकडे सराव. 2003 मध्ये तिथेच एडीसीसी स्पर्धा भरली. जिऊ-जित्सूचा कोट न घालता खेळायची ही स्पर्धा फार मानाची. मार्सेलो निवड चाचणीत हरला होता. एका खेळाडूची जागा रिकामी झाली म्हणून त्याला आत घेतलं. वय 20. त्याने रेंझो ग्रेसीला हरवलं. 'शाओलिन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हितोर रिबेरोला तर गळा आवळून काही सेकंदांतच बेशुद्ध केलं. 77 किलोखालचं विजेतेपद त्याने जिंकलं. 2005, 2007 आणि 2011 मध्ये ते पुन्हा मिळवलं. कोट घालून खेळायच्या जागतिक स्पर्धेत तो पाच वेळा आपल्या गटाचा विजेता ठरला.

आता बघा, तो खुल्या गटातही उतरायचा. तिथे वजनाची अट नाही. 2007 मध्ये या गटाच्या अंतिम फेरीत रॉबर्ट ड्रायस्डेलने त्याला हरवलं. पण तिथवर तो पोचला, कारण त्याने डाव निवडले तेच मुळी धिप्पाड माणसावर चालतील असे. खांदा पिळण्याचा किमुरा त्याने टाळला, कारण तिथे ताकदवान माणूस जोर लावून सुटतो. गळा आवळताना मात्र समोरच्याचा दंड कितीही जाड असला तरी त्याचा फारसा उपयोग नसतो. दुसरं उदाहरण 'एक्स गार्ड'चं. खाली पडून आपले दोन्ही पाय समोरच्याच्या एका पायाभोवती फुलीसारखे अडकवायचे आणि त्याचा तोल काढायचा. वजन उचलायचं नाही, फक्त तोल घालवायचा. हा डाव जगभर पोचला तो मुख्यतः मार्सेलोमुळे.

आता मुख्य मुद्दा. 2009 मध्ये त्याने न्यूयॉर्कला आपली तालीम सुरू केली. सोबत जॉश वेट्झकिन होता, पूर्वीचा नावाजलेला बुद्धिबळपटू. तालमीतले वर्ग आणि सरावाच्या लढती दोघांनी इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. वर्गणी भरली की कोणीही बघावं, अगदी उद्याच्या प्रतिस्पर्ध्यानेही! लोकांना हा वेडेपणा वाटला.

मग त्याचं नुकसान का झालं नाही? आम्हाला यामागे दोन कारणं दिसतात. एक, डाव माहीत असणं वेगळं आणि तो अंगात मुरणं वेगळं. हात नेमका कुठल्या क्षणी जायला हवा, हे हजारो वेळा केल्याशिवाय कळत नाही. दुसरं, जो मार्सेलोचा खेळ अभ्यासतो, तो मार्सेलोच्याच खेळात शिरतो, आणि तिथे मार्सेलोच वरचढ. शिवाय सगळं उघड केल्यावर गाफील पकडण्यावर विसंबता येत नाही, रोज सुधारावंच लागतं. 2010 आणि 2011 च्या जागतिक स्पर्धा त्याने जिंकल्या. त्याच्या तालमीत घडलेला मातेउस दिनिझ 2019 मध्ये 88 किलोखालचा एडीसीसी विजेता झाला.

2011 नंतर मार्सेलो स्पर्धेतून बाजूला झाला आणि शिकवत राहिला. 2023 मध्ये त्याला पोटाचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं. केमोथेरपी झाली, शस्त्रक्रिया झाली. आणि जानेवारी 2025 मध्ये, 42 व्या वर्षी, तो बँकॉकला जपानच्या मासाकाझू इमानारीसमोर पुन्हा उभा राहिला. तेरा वर्षांहून जास्त खंड पडला होता. ती लढत त्याने जिंकली ती 'नॉर्थ-साऊथ चोक' लावून. समोरच्याच्या डोक्याच्या बाजूने छातीवर पडून गळा आवळायचा हा डाव. मार्सेलो तो वर्षानुवर्षं सगळ्यांना शिकवत आला होता.