रक्ताच्या गोष्टी – भाग ९ : हिमोग्लोबिन नसलेली मोजपट्टी

रक्ताचा आजार झालेला माणूस घरात असला की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “एचबी किती आलं?” ॲप्लास्टिक ॲनिमिया किती गंभीर आहे हे ठरवताना मात्र डॉक्टर रक्तातले तीन आकडे पाहतात आणि त्या तिघांत हिमोग्लोबिन नाही.

अस्थिमज्जेत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कशा घडतात, ते मागील भागात पाहिले. या आजारात ही घडणच थांबत जाते. मूळपेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी चरबी साचते. पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये अशा एका तरुण गर्भवतीची नोंद केली. ती झपाट्याने खालावत गेली आणि दगावली. शवविच्छेदनात तिची मज्जा चरबीने भरलेली आढळली.

आजाराची तीव्रता मोजण्याचे सर्वमान्य माप मात्र यायला आणखी जवळपास नऊ दशके लागली. ते आले एका बिकट प्रश्नापोटी. १९७०च्या दशकात भावंडाची मज्जा देऊन प्रत्यारोपण करणे शक्य होऊ लागले होते, पण ते उपचारही जीवघेणे ठरू शकत. दुसरीकडे, आजार तीव्र असलेले आणि केवळ रक्त व प्रतिजैविकांवर ठेवलेले बहुतेक रुग्ण वर्ष-दोन वर्षांत जात. सौम्य आजाराचे काही रुग्ण वर्षानुवर्षे तग धरत. मग प्रत्यारोपणाची जोखीम कोणी घ्यायची? ब्रूस कॅमिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५-७६ च्या सुमारास याचे निकष आखले. किरकोळ बदल सोडले तर जगभर आजही तेच वापरले जातात.

पहिली अट मज्जेची. कंबरेच्या हाडाच्या मागच्या भागातून बायॉप्सीचा तुकडा काढतात. त्यात पेशींचे प्रमाण पंचवीस टक्क्यांहून कमी हवे. त्याशिवाय तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात : रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५०० पेक्षा कमी, प्लेटलेट २० हजारांपेक्षा कमी, आणि रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी २० हजारांपेक्षा कमी. निरोगी माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात, यावरून घसरण किती मोठी आहे ते कळावे.

हिमोग्लोबिन का वगळले? तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि रक्ताची एक पिशवी चढवली की आकडा लगेच वर जातो. तो मज्जेची खरी अवस्था सांगत नाही. रेटिक्युलोसाइट सांगते, कारण ती मज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली असते. न्यूट्रोफिल तर रक्तात जेमतेम काही तास टिकतात. जंतुसंसर्गाशी पहिली झुंज त्यांचीच असते आणि त्यांची उणीव पिशवीतून सहज भरून काढता येत नाही. म्हणूनच १९८८ मध्ये आणखी एक पायरी जोडली गेली : न्यूट्रोफिल २०० पेक्षा कमी असतील तर आजार ‘अतितीव्र’. अशा रुग्णाला ताप आला तर सकाळपर्यंत वाट पाहायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचे असते. एचबी नऊ आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या कुटुंबाला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

या निकषांत न बसणारा आजार ‘अतीव्र’ ठरतो. रक्त चढवावे लागत नसेल तर अशा काही रुग्णांना नुसते देखरेखीखाली ठेवतात. पण ही पायरी कायमची नसते. आजार वाढत जाऊ शकतो, त्यामुळे रक्ततपासणी चालू ठेवावीच लागते.

तीव्रता ठरवण्याआधी या आजाराचे सोंग घेणारे दुसरे आजार ओळखावे लागतात. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होण्यामागे भारतात ब-१२ किंवा फोलेटची कमतरता फार वेळा निघते. तिथे मज्जा रिकामी नसते, उलट पेशींनी गच्च भरलेली असते, आणि योग्य इंजेक्शनांनी काही आठवड्यांत रक्त सावरते. क्षयरोगही असेच फसवतो. अमेरिकेच्या माजी ‘फर्स्ट लेडी’ एलिनॉर रूझवेल्ट यांना १९६० मध्ये ॲप्लास्टिक ॲनिमियाचे निदान झाले आणि पुढे त्यांना स्टेरॉइड दिले गेले. १९६२ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर शवविच्छेदनात क्षयरोग मज्जेसह शरीरभर पसरलेला दिसला.

तीव्रता ठरली तरी आजार आला कुठून हा प्रश्न उरतोच, आणि तरुण रुग्णात तो अधिक निकडीचा असतो. बहुतेकांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच मूळपेशींवर उलटलेली असते. काहींचा दोष मात्र जन्मजात असतो. गुइडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावांमधला असा आजार वर्णिला. अशा मुलांत अंगठा वेडावाकडा, उंची कमी, अंगावर तपकिरी डाग अशा खुणा दिसू शकतात, पण काही मुलांत एकही खूण नसते. म्हणून रक्ताच्या पेशींवर मायटोमायसिनसारखे द्रव्य टाकून गुणसूत्रे किती तुटतात ते तपासतात. फॅन्कोनी ॲनिमिया निघाला तर प्रत्यारोपणापूर्वीची औषधे नेहमीच्या मात्रेत देता येत नाहीत, आणि मज्जा देऊ पाहणारा भाऊ धडधाकट दिसत असला तरी आधी त्याचीही तपासणी करावी लागते. घरात कोणाचे केस फार लवकर पिकले का, काकाला फुप्फुसाचा किंवा आत्याला यकृताचा आजार होता का, असेही डॉक्टर विचारतात. ती टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांची टोके आखूड होण्याच्या आनुवंशिक आजारांची चाहूल असते.

या साऱ्याचा थेट परिणाम रक्तपेढीच्या रांगेत दिसतो. रुग्णाला रक्त हवे म्हटल्यावर भाऊ-बहिणी आधी धावतात, ते स्वाभाविकच. पण प्रत्यारोपण होण्याची शक्यता असेल तर त्यांचे रक्त रुग्णाला चढवू नये. त्याने रुग्णाचे शरीर कुटुंबाच्या पेशींविरुद्ध सज्ज होते आणि पुढे त्याच भावाची मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. भावाने रक्तपेढीत रक्त जरूर द्यावे, फक्त ते दुसऱ्या कोणाला जाऊ द्यावे.

(पुढील भागात : जुळणारे भावंड नसेल तेव्हा दिले जाणारे, घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेले औषध)