विश्लेषण : ‘हकलबरी फिन’ शाळांना का नकोशी?

मार्क ट्वेन यांची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’ १८८५ मध्ये अमेरिकेत आली आणि त्याच वर्षी कॉन्कॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती हद्दपार केली. कारण वंशभेद नव्हे. पोरगा उनाड आणि भाषा शिवराळ, एवढाच राग.

मग आक्षेप कधी बदलला?

१९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने ती शाळांच्या मंजूर यादीतून वगळली. कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानास्पद शब्द तीत दोनशेहून अधिक वेळा येतो. २०११ च्या एका आवृत्तीत त्याजागी ‘गुलाम’ छापले गेले. उपाय तकलादूच.

कादंबरी वंशवादी आहे का?

पळालेल्या गुलामाला मदत करणे म्हणजे मालकिणीची चोरी, हे संस्कार हकवर झालेले. जिमला पकडून देणारे पत्र तो लिहितो आणि फाडतो. पण पापी आपणच, असे मानून. उपरोध नेमका इथे आहे. शेवट मात्र खटकतो. जिम मुक्त झाल्याचे ठाऊक असूनही टॉम सॉयर सुटकेचा खेळ लांबवतो आणि जिम थट्टेचा विषय होतो.

पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’मध्ये (२०२४, पुलित्झर २०२५) हीच कथा जिम सांगतो. तो गोऱ्यांसमोर मुद्दाम मोडकेतोडके बोलतो, आपल्या माणसांत मात्र अस्खलित.